गजराचे घड्याळ घरी बांधू पाहणाऱ्यांसाठी

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एम्बेडेड क्षेत्रात (उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या क्षेत्रात) काम करताना नवख्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम बऱ्याचदा माझ्याकडे येते. ठाणे, ऐरोली, वाशी या भागांतील डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी पहिला प्रकल्प कोणता करावा असे विचारले, तर मी गजराचे घड्याळच सुचवतो. मात्र त्यात वेळ दाखवणे सोपे असून खरा कस गजर बंद करताना लागतो.

वेळ राखण्याचे काम मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या चिपवर, सोपवू नये. आर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डावरील एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर सिरॅमिक रेझोनेटर या ठोके देणाऱ्या भागावर चालतो. त्यात अर्ध्या टक्क्याची चूक धरली, तर दिवसाला सात मिनिटांचा फरक पडतो. याउलट डीएस३२३१ ही आरटीसी (रिअल टाइम क्लॉक, म्हणजे फक्त वेळ राखणारी) चिप तापमानानुसार स्वतःला सावरून घेते आणि ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक वर्षाकाठी साधारण एका मिनिटाच्या आत राहते. ती मिनिटे बीसीडी पद्धतीने (दशमान संख्येचा प्रत्येक अंक चार बिटांत वेगळा) साठवते, त्यामुळे रूपांतर न करता वाचल्यास ४५ ऐवजी ६९ दिसतात. ही चिप बसवलेल्या स्वस्त मॉड्यूलवर बहुधा चार्जिंगचे सर्किट असते आणि सीआर२०३२ हा सेल चार्ज करण्याजोगा नसतो, म्हणून ५ व्होल्टवर चालवण्यापूर्वी ते सर्किट तोडावे. सुटे भाग घरपोच मिळतात, तरी मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक फेरी मारावीच. भाग हाताळून घेतल्याने पुष्कळ कळते.

आता गजराकडे वळू. नवखा विद्यार्थी बहुधा एवढेच लिहितो की तास आणि मिनिट जुळले की बझर वाजवावा. सहा वाजता गजर होतो, झोपेतला माणूस बटण दाबतो, बझर थांबतो. पण घड्याळात अजून सहाच वाजलेले असल्याने पुढच्याच क्षणी तो पुन्हा सुरू होतो. म्हणून गजराच्या अवस्था आधी कागदावर काढाव्यात: वाट पाहणारा, वाजणारा, थोड्या वेळापुरता थांबवलेला आणि आजच्यापुरता संपलेला. कोणत्या घटनेने कोणती अवस्था बदलते, हे बाणांनी दाखवले की कोड जवळजवळ आपोआप सुचतो. बटणाचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे साधारण २० मिलिसेकंद स्थिर राहिलेला संकेतच खरा मानावा. प्रोग्राममध्ये एक सेकंदाचा डिले (प्रोग्राम थांबवून ठेवणारी आज्ञा) टाकला असेल, तर त्या काळात दाबलेले बटण लक्षातच येत नाही. तेथे मिलिस (सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारे फंक्शन) वापरावे.

मुलाखतीत मी पुढचा प्रश्न हमखास विचारतो: गजर सहाचा असून ५:५९ ला वीज गेली आणि ६:०१ ला आली, तर काय व्हावे? आरटीसी सेलवर चालू राहते, परंतु रॅममध्ये ठेवलेली गजराची वेळ पुसली जाते, म्हणून ती ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, हवी. शिवाय फक्त समानता तपासणारा प्रोग्राम सहाचे मिनिट हुकल्याने त्या दिवशी गप्पच राहील. उशिरा का होईना, गजर वाजवावा असे माझे मत आहे. पण किती मिनिटांपर्यंत, हे उमेदवाराने स्वतः ठरवून त्याचे कारण द्यावे, अशी माझी अपेक्षा असते.