जुन्या ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट बदलताना

फॅन बेल्टच्या आतल्या बाजूला आडव्या भेगा दिसू लागल्या, कडांचे धागे सुटले किंवा इंजिन सुरू करताना चीं-चीं आवाज येऊ लागला, तर नांगरणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो बदलावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) बोल्ट सैल करून तो इंजिनकडे ढकलला की बेल्ट ढिला होतो. मग तो पंख्याच्या एकेका पात्यावरून फिरवत बाहेर काढावा.

नवा बेल्ट चढवण्याआधी पुलीची (बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकाची) खाच नीट पाहावी, कारण व्ही आकाराचा बेल्ट खाचेच्या तिरप्या भिंतींवर पकड घेतो, आणि खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकून घसरत होता असे समजावे. अशी पुली बदलणेच योग्य. जोडीचे बेल्ट असतील तर दोन्ही एकदमच बदलावेत. स्क्रूड्रायव्हरने बेल्ट उचकटून बसवू नये. आतले धागे तुटतात.

अल्टरनेटर इंजिनपासून दूर रेटून ताण देताना पहार अल्टरनेटरच्या पुढच्या मजबूत भागाला लावावी. लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर खचावा. पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. फार ताणलेला बेल्ट वॉटर पंपाचे बेअरिंग खातो. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून काही तासांच्या कामानंतर ताण पुन्हा तपासावा.