गायरानावर गवत परत आणायचंय? या चुका टाळा

गायरान उजाड झालं की गावात पहिला प्रश्न निघतो, बी कुठं मिळेल? आमच्याकडंही तेच झालं. जूनमध्ये मारवेल आणि पवन्या या गवतांच्या बियांची पोती आली. रोटाव्हेटर मारला, बी फोकलं. ऑगस्टमध्ये लांबून सगळं हिरवंगार दिसायला लागलं. जवळ जाऊन बघतो तर गुडघाभर तरोट्याचं तण.

चूक बियांच्या आधीच झाली होती. चरून चरून बोडक्या झालेल्या माळातही गवताचे जुने ठोंब तग धरून असतात. मे महिन्यात वाळलेला ठोंब मुठीत धरून ओढून बघा. मेलेला असेल तर अलगद हातात येतो, जिवंत असेल तर हात कापेल पण तो हलणार नाही. आम्ही रोटाव्हेटरनं हे ठोंब फाडले आणि वर्षानुवर्षं खाली दडलेलं तरोट्याचं बी वर आणून दिलं. आता मी चार काठ्यांची मीटरभर चौकट घेऊन माळावर वीसेक ठिकाणी टाकतो. सरासरी दोन-तीन जिवंत ठोंब दिसले तर नांगर लावू देत नाही. तिथं दोन पावसाळे चराई थांबवायची, बाकी गवत बघून घेतं.

पोत्यात बी आहे की भुसा?

माळ खरोखरच मेलेला असेल तर बी लागतंच. पण गवताचं बी म्हणजे ज्वारी नव्हे. चिमूटभर तळहातावर घ्या, अंगठ्यानं रगडा, फुंकर मारा. खाली टणक, बारीक दाणा उरला तर ठीक. आमच्या पोत्यातल्या चिमटीत बहुतेक वेळा काहीच उरलं नाही, आणि हे आम्ही पेरून झाल्यावर तपासलं. त्यापेक्षा गावाच्या शिवारातलंच बी दिवाळीच्या आसपास, झडायच्या बेतात असताना ओरबाडून आणावं. ताजं बी झोपलेलं असतं, लगेच उगवत नाही. सावलीत वाळवून जूनपर्यंत ठेवलं की त्याची झोप मोडते.

पेरताना बी खोल जाऊ देऊ नका, अर्धा-एक सेंटिमीटर पुरे. ओल्या मातीत कालवून फोकायचं आणि वरून बाभळीची फांदी ओढायची. मारवेलचे तर मुळासकट ठोंबच लावावेत. राहुरी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० बांधावर, पाणी देता येतं तिथं छान येतो. मुरमाड गायरानावर मात्र मी स्थानिक ठोंबांवरच भरवसा ठेवतो.

तण काढायची वेळ चुकते

गाजर गवताच्या एका झाडाला २५ हजारांपर्यंत बिया धरू शकतात. आमचं श्रमदान झालं सप्टेंबरात, पांढरी फुलं डोलत असताना. उपटलेले भारे बैलगाडीनं वाहिले. पुढच्या पावसाळ्यात गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना गाजर गवताची सरळ रांग उगवली, जणू कुणी पाभरीनं पेरलंय. फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, एवढंच. गाजर गवताची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे सोडायचे असतील तर पावसाळ्यातच सोडा, आणि महिन्याभरात माळ साफ होईल अशी आशा धरू नका.

गाजर गवत हटवायला तरोटा पेरा, असा सल्ला तुम्हालाही मिळेल. रस्त्याकडेला चालेल. कुरणात मात्र तोच डोक्यावर बसतो, कारण जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. (कोवळी भाजी आपणच खातो, तेवढाच फायदा.) तरोटा जुलैत कापला की फुटवे फुटतात. कळ्या धरताना, पण शेंगा यायच्या आत, जमिनीलगत कापायचा.

घाणेरीचं (लँटानाचं) झुडूप कोयत्यानं तोडणं म्हणजे तिची छाटणी करून देणं, घाणेरी आणखी दाट होते. खोड मातीत शिरतं तिथून दोन-तीन बोटं खाली कुदळीचा घाव घालून मूळ तोडा आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवा. पाखरं फळं खाऊन बी टाकतात, म्हणून पुढची काही वर्षं झाडांखालची रोपं शोधून उपटावी लागतात.

तणनाशक सरसकट फवारू नका. तणाबरोबर ठोंबही जातात.

झाडं लावायची घाई

मोकळा माळ दिसला की खड्डे खणायला हात शिवशिवतात. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही ग्लिरिसिडियाची झाडं लावली गेली. सावली वाढली की मारवेल-पवन्या मागं हटतात आणि उघड्या माळावरच्या पाखरांची जागाही जाते.

सरसकट बंदी

आम्ही तीन वर्षं गायरान बंद करायचा ठराव केला, धनगरांना न विचारता. दुसऱ्याच दिवाळीला कुंपण तुटलं. मग चावडीवर त्यांना बोलावलं. त्यातले एक म्हातारबाबा म्हणाले, "बंद करा की, पर मेंढरं कुठं घालू ते बी सांगा." खरं तर गवत कापलं-चरलं नाही तर जुना पाला साचतो, नवे फुटवे गुदमरतात आणि वणव्याला सरण मिळतं. आता गायरानाचे तीन तुकडे आहेत. पावसाळ्यात एक बंद, तिथलं बी झडलं की विळ्यानं चाऱ्याची कापणी, मग मेंढरं. पुढच्या साली दुसऱ्या तुकड्याची पाळी. कुंपण आता धनगरच नीट करतात.