जखमेआधी खोगीर पाहा

2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठी व्हिक्टोरिया घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले, तेव्हा कष्टाच्या घोड्यांचा प्रश्न मिटलाच असे मलाही वाटले होते. पण वरातीची घोडी शहरात आहेतच, आणि नेरळवरून वर गेले की मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात माणसे आणि सामान दोन्ही घोड्यांच्या पाठीवरून जाते. घोडेवाल्यांना प्रशिक्षण देण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांना खुरांची निगा आणि धनुर्वाताची लस ठाऊक असणारच, म्हणून मी जिथे फसले तेवढेच सांगते.

पहिल्याच वर्षी वरातीच्या एका घोडीच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम दिसली. मी ती धुतली, मलम लावले, मालकांना चार माणसांदेखत 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा ऐकवला आणि समाधानाने घरी गेले. तीन आठवड्यांनी जखम तळहाताएवढी झाली होती आणि मला दिसू नये म्हणून तिच्यावर जरीची झूल ओढलेली होती. जखम वाढली ती खोगिरामुळे. लपवली गेली ती माझ्यामुळे.

म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. खोगीर उतरवल्याबरोबर पाठ पाहावी. सगळीकडे घाम आणि मध्येच एखादा कोरडा पट्टा असेल, तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता मोठी. त्याच जागी पांढरे केस उगवले असतील, तर दुखणे जुने आहे आणि ते केसांच्या मुळांपर्यंत पोहोचलेले आहे. मग खोगीर उलटे करून गादीतला गोळा झालेला भुसा, शिवणीची गाठ, वाकलेली कमान शोधावी, आणि कण्यावर मोकळी जागा राहते का हे बोटे घालून पाहावे. बोटे मात्र मालकांची हवीत, तुमची नव्हेत. त्या घोडीच्या गादीतली गाठ अखेर मालकांच्याच हाताला लागली. ते काहीही न बोलता चाकूने शिवण उसवू लागले.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊन शिकवायला निघणाऱ्यांविषयी माझे मत वाईट आहे. त्यापेक्षा एखाद्या म्हाताऱ्या नालबंदाशेजारी महिनाभर मुकाट बसावे, मग तो कितीही चिडका असो. पोटशूळाने घोडे लोळू लागले, तर मात्र शिकवणे बाजूला ठेवून तत्काळ पशुवैद्यांना बोलवावे. घोड्याला ओकारी होत नाही, म्हणून पोट आपोआप मोकळे होत नाही, आणि उशीर जिवावर बेततो.

सुरुवातीला तबेल्यात तुम्हाला कोणी चहाही विचारणार नाही. मला सहा महिने विचारला नव्हता, तेव्हा खचू नका. लग्नसराईत संध्याकाळी जाऊ नका. सकाळी खरारा चालू असताना जा, तेव्हा खोगीर खुंटीवर असते आणि मालकांना बोलायला सवड असते.