एसीवरचा भार कमी करण्यासाठी खिडकीचे काय करावे?

एसीचे टनेज वाढवण्याआधी मुंबईत खिडकी तपासावी. बाहेर ३३ आणि आत २६ अंश असताना फरक सातच अंशांचा असतो, त्यामुळे काचेतून नुसती झिरपणारी उष्णता तुलनेने थोडी असते. खरा त्रास थेट आत येणाऱ्या उन्हाचा आणि फटींतून शिरणाऱ्या दमट हवेचा होतो. म्हणूनच थंड देशांत उपयोगी पडणारी दुहेरी काच हा इथला पहिला उपाय नव्हे.

सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करावी, कारण दुपारनंतर ऊन तिरपे होते आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. साध्या काचेतून उन्हाची सुमारे चार-पंचमांश उष्णता आत येते. आतल्या पडद्याने अडवलेल्या उन्हाची बरीच उष्णता खोलीतच राहते. त्यामुळे बांबूचा पडदा काचेच्या बाहेर, ग्रिलला घट्ट बांधावा आणि पावसाळ्यापूर्वी उतरवावा. सोसायटीची परवानगी नसेल, तर ऊन परतवणारी फिल्म लावावी. काही फिल्मने काच जास्त तापून तडकू शकते, म्हणून आपल्या काचेला कोणती चालेल हे आधी विचारून घ्यावे.

त्यानंतर फटी. पंखा बंद करून, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवून, पेटती अगरबत्ती स्लायडिंग खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवावी. धूर जिथे आत ढकलला जाईल, तिथून बाहेरची हवा येत आहे. बहुतेक वेळा पल्ल्याच्या कडेची केसाळ पट्टी झिजून सपाट झालेली आढळते, आणि ती बदलणे मुळीच खर्चिक नाही. चौकट आणि भिंत यांमधल्या भेगेत सिलिकॉन भरावे. मात्र खालच्या ट्रॅकमधील पाणी वाहून जाण्याची भोके कधीही बुजवू नयेत, नाहीतर जोराच्या पावसात तेच पाणी घरात उतरते. या कामाकडे दुर्लक्ष होते याचे वाईट वाटते, कारण आत शिरलेल्या हवेतील बाष्प काढण्यातही एसीची बरीच वीज खर्च होते.

खिडकी नवीनच करायची असेल तर दुहेरी काचेचा विचार अवश्य करावा. ती झिरपणारी उष्णता जवळपास निम्मी करते, पण दोन्ही काचा साध्या असल्या तर ऊन बरेचसे आत येतेच. उघडणारे पल्ले काढून बंद काच मात्र बसवू नये: घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’नुसार उष्ण-दमट हवामानात उघडता येणारा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावा, आणि वारा सुटलेल्या रात्री तेवढ्यावर एसी बंद ठेवता येतो.