'जातो' की 'जायलो'? इंग्रजीतला साधा आणि चालू वर्तमानकाळ

इंग्रजीत साधा वर्तमानकाळ कुठे आणि चालू वर्तमानकाळ कुठे, हे ओळखायची खूण मराठवाड्यातल्या माणसाच्या तोंडातच आहे. पुस्तकातलं 'मी जात आहे' घरात कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो 'मी जायलो', 'ती करायली', 'पाऊस पडायलाय'. ही रूपं काम या घडीला चालू असल्याशिवाय सहसा येत नाहीत. म्हणून वाक्य इंग्रजीत करण्याआधी एकदा घरच्या बोलीत म्हणून बघा.

'पाऊस पडायलाय' म्हणजे 'इट इज रेनिंग'. 'जूनमध्ये पाऊस पडतो' म्हणजे 'इट रेन्स इन जून'. गोदावरी नांदेडवरून वाहते, हे कायमचं. म्हणून 'द गोदावरी फ्लोज थ्रू नांदेड'. जायकवाडीचं पाणी वाढायलंय, हे सध्याचं. म्हणून 'द वॉटर इज रायझिंग'.

हा फरक सगळ्यात जास्त महागात पडतो तो मुलाखतीत. 'व्हॉट डू यू डू?' म्हणजे तुम्ही पोटापाण्यासाठी काय करता. त्याचं उत्तर 'आय टीच' किंवा 'आय वर्क इन अ बँक'. तिथे 'आय ॲम टीचिंग' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हे काम थोड्या दिवसांपुरतं आहे. 'व्हॉट आर यू डूइंग?' म्हणजे आत्ता काय करायलात. तसंच 'व्हेअर डू यू कम फ्रॉम?' म्हणजे तुम्ही कुठले, आणि 'व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?' म्हणजे आत्ता कुठून यायलात. गाव विचारलंय की रस्ता, ते आधी नीट ऐका.

आता रचना. चालू काळाचे दोन तुकडे असतात: ॲम, इज किंवा आर, आणि इंग लावलेलं क्रियापद. एक तुकडा गळाला की 'आय गोइंग' किंवा 'आय ॲम गो' असं अर्धं वाक्य होतं. साध्या काळात ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस लागतो: 'शी वर्क्स'. प्रश्नात आणि नकारात मात्र तो एस डजमध्ये जातो, म्हणून 'शी डजंट वर्क' बरोबर, 'डजंट वर्क्स' चूक. लिहिताना मेकचा शेवटचा ई गळून मेकिंग होतं, रनचा एन दुप्पट होऊन रनिंग होतं आणि लायमधल्या आय-ईचा वाय होऊन लाइंग होतं. स्पेलिंगमधले बहुतेक मार्क इथेच जातात.

खरा घोळ होतो 'आहे'मुळे. 'मला माहीत आहे' यातलं 'आहे' दिसलं की हात आपोआप 'आय ॲम नोइंग' लिहितो. बरोबर आहे 'आय नो'. बोलीत तर आपण 'मला समजायलंय', 'मला दिसायलंय' असंही म्हणतो, म्हणजे वरची खूणही इथे फसवते. अशा वेळी वाक्याची सुरुवात बघा. सुरुवातीला 'मला' असेल आणि गोष्ट मनाची, डोळ्या-कानाची, आवडीची किंवा गरजेची असेल, तर इंग लावू नका: आय अंडरस्टँड, आय लाइक, आय वाँट, आय नीड, आय रिमेंबर. दिसायलंय साठी 'आय कॅन सी'. 'मला दोन भाऊ आहेत' आणि 'हे पुस्तक माझं आहे' यांचंही तेच: 'आय हॅव टू ब्रदर्स', 'धिस बुक बिलाँग्स टू मी'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे आपल्याकडे फार ऐकू येतं, ते सोडा. जेवण चालू असेल तर 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे हॅवचा अर्थ खाणं. 'आय थिंक' म्हणजे माझं मत, 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे मी विचार करायलो. 'मला मजा यायली' मात्र 'आय ॲम एंजॉइंग इट' असंच होतं. तो अपवाद पाठच करावा.

वाक्यात 'नाऊ' आहे म्हणून इंग लावायचं, हा क्लासमधला नियम अर्धाच खरा. 'आय नीड मनी नाऊ' मध्ये नाऊ आहे, तरी इंग नाही.

बसचं, रेल्वेचं वेळापत्रक साध्या काळात सांगतात: 'द बस लीव्ह्ज ॲट सिक्स'. तुमचं स्वतःचं ठरलेलं असेल तर चालू काळ: 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो'. उठता उठता म्हटलेलं 'बरं, येतो मी' हेही 'आय ॲम लीव्हिंग' होतं, जरी मराठीत रूप साधं असलं. मुलगी बीडची, पण बारावीसाठी वर्षभर लातूरला राहायली, तर 'शी लिव्ह्ज इन बीड, बट शी इज स्टेइंग इन लातूर धिस इयर'.

'पाच वर्षांपासून इथं राहतो' याला यातला एकही काळ चालत नाही. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' यात दोन चुका आहेत. म्हणायचं 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'.

सरावाला चार वाक्यं घ्या: आई भाकरी करायली. आई रोज भाकरी करते. मला भाकरी आवडते. मला आत्ता भाकरी पाहिजे. उत्तरं: इज मेकिंग, मेक्स, लाइक, वाँट. चौथ्याला 'ॲम वाँटिंग' लिहिलं असेल, तर 'मला'चा परिच्छेद परत वाचा.