चिनारची पानं, वारा आणि स्लो शटर

पानं हलायला लागली की आपला हात आपोआप शटरचा वेग वाढवतो, १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) करून पान जागच्या जागी गोठवतो आणि घरी येऊन बघतो तर फोटोत वारा कुठेच नाही, नुसती लाल पानं, कॅलेंडरवर असतात तशी. मागच्या नोव्हेंबरात श्रीनगरला होतो (तिकडे या सीझनला हरुद म्हणतात), तेव्हा हजरतबलजवळच्या नसीम बागेत तीन दिवस सकाळ सकाळ फक्त उलटं, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून फोटो काढत बसलो. ही बाग आता काश्मीर युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये येते, चिनार लावले मोगलांनी, आणि नसीम म्हणजे झुळूक, त्यामुळे जागा एकदम बरोबर निवडली असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी माती खाल्ली. उत्साहात शटर थेट ४ सेकंद ठेवलं आणि स्क्रीनवर गाजर हलवा. पान नाही फांदी नाही, सगळं नारिंगी. तेव्हा कळलं की आधी न हलणारी गोष्ट शोधायची, मग हलणारी. चिनारचं खोड त्यासाठी मस्त, जाडजूड, साल सुटून पांढरट राखाडी ठिगळं पडलेली असतात, ते कडक शार्प आलं की बाजूची पानं पुसट झाली तरी डोळ्याला कळतं की वारा आहे. खोड नसेल तर बाक, भिंत, काहीही चालेल, पण एक गोष्ट घट्ट पाहिजे. फोकस त्या घट्ट गोष्टीवर करून मॅन्युअलला टाकायचा, नाहीतर ऑटोफोकस पानांच्या मागे पळत बसतो.

ट्रायपॉड तर लागणारच, पण एक गंमत सांगतो. खाली पानांचा इतका जाड थर असतो की पाय गादीवर ठेवल्यासारखे हळूहळू खचतात, मला हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, वीसेक फोटोत खोडच डबल आलं होतं. पायाने पानं बाजूला सारून खालची माती लागली की मगच ट्रायपॉड उभा करा, मधला दांडा वर काढू नका, बॅग खाली हुकला लटकवा पण ती झुलता कामा नये. लेन्स किंवा बॉडीचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू.

सेटिंग म्हणाल तर ढगाळ सकाळ, आयएसओ १०० (सेन्सर उजेड किती पकडतो ते), एफ ११ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान), आणि तिथून शटर बघायचं. वारा जोरात असेल तर १/८ सुद्धा पुरतं, मंद असेल तर अर्धा ते एक सेकंद. एफ २२ करून उजेड मारायचा मोह होतो, नका करू, फोटो मऊ पडतो, त्यापेक्षा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच घ्या. तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) एनडी ८ लावला की १/३० चं १/४ होतं, सहा स्टॉपच्या एनडी ६४ ने तेच दोन सेकंद. दहा स्टॉपचा या कामाला नको, १/३० चं थेट अर्धा मिनिट होतं आणि परत हलवा. पोलरायझर मात्र जरूर लावा, पानांवरची चमक जाऊन खरा रंग येतो आणि वर दीडेक स्टॉप उजेडही खातो, म्हणजे एका तिकिटात दोन खेळ. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, तो नारिंगी रंग "सुधारायला" जातो.

गळणाऱ्या पानांचं गणित वेगळं आहे. समजा पान सेकंदाला एक मीटर खाली येतंय, तर १/४ सेकंदात ते २५ सेंटिमीटर रेघ ओढणार, १/१५ ला साधारण सात. मला १/१५ ते १/८ मधलं आवडलं, पान पान वाटतं आणि पडतंय हेही कळतं. एक सेकंद केलं तर गळणारं पान गायबच होतं, कारण ते एका जागी इतका कमी वेळ असतं की सेन्सरवर उमटतच नाही. मागे गडद खोड किंवा सावली असेल तर रेघ उठून दिसते, पांढऱ्या आकाशावर काहीच दिसत नाही. फ्लॅश असेल तर रिअर कर्टनला टाका, म्हणजे तो शटर बंद होता होता उडतो, शेवटी पान गोठतं आणि मागे शेपूट राहतं.

वारा झुळका झुळकांनी येतो, त्यामुळे एका फ्रेमवर भरवसा नाही. मी एकाच फ्रेमचे चाळीस-पन्नास काढायचो आणि तीन ठेवायचो. मध्ये बायका पानं झाडून पोत्यात भरायला यायच्या, जाळून कांगडीचा (थंडीत उबेसाठी जवळ ठेवायची शेगडी) कोळसा करतात त्याचा, तो झाडू १/४ ला असा काही पंख्यासारखा आला की चिनार राहिले बाजूला. (आधी विचारून घ्या, चेहरा तसाही पुसट येतो पण विचारा.) थंडीत बॅटरी पटकन बसते, एक्स्ट्रा आतल्या खिशात ठेवा.

आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्सपोजर निवडायचं, फोन कशाला तरी टेकवून.

आणि प्रॅक्टिसला काश्मीर लागत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ बघा, देठ लांब असल्यामुळे बाकी झाडं गप्प असतानाही तो सळसळत असतो, वर नवी तांबूस पालवी. पाराचा दगड फ्रेममध्ये घ्या आणि १/४ ने सुरुवात करा.