जुन्या मोटरसायकलचा मूळ रंग शोधताय? या चुका टाळा

घरात जुनी जावा, येझदी, बुलेट किंवा राजदूत उभी असते. एक दिवस ती नीट करायचं ठरतं आणि पहिला फोन जातो पेंटरला. गडबड इथेच होते. गाडी गॅरेजवर पोचते, टाकी, मडगार्ड, टूलबॉक्स उतरतात, दुसऱ्या दिवशी पेंट रिमूव्हर लागतो. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात निघाली याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा त्या रिमूव्हरबरोबर गटारात वाहून जातो. इंजिनाच्या एकेका वॉशरसाठी गावोगाव हिंडणारी माणसंसुद्धा रंगाच्या बाबतीत "मरून मार" एवढ्यावर थांबतात, हे पाहून वाईट वाटतं. इंजिन दहा वर्षांनी पुन्हा उघडता येतं. मूळ रंग एकदा खरवडला की संपला.

खरवडण्याआधी न पाहणं

"भाऊ, जावा म्हटली की मरूनच. त्यात शोधायचं काय?" हे वाक्य आमच्या नाशकात द्वारका ते सातपूर, कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. पेंटरचं चुकत नाही, त्याला काम उरकायचं असतं. थांबवायचं आपण.

ऊन, पाऊस आणि नंतरचे पेंटर जिथे पोचले नाहीत, तिथे मूळ रंग टिकतो. टाकीवरचा मोनोग्राम आणि गुडघ्याजवळचे रबर पॅड काढून त्यांच्या खाली पाहा. टाकी चासीवर जिथे टेकते ती खालची बाजू, हेडलाइटच्या डब्याचा आतला भाग, टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, सीटखालचा पत्रा, मडगार्डवरच्या क्लॅम्पखालची पट्टी, हँडलच्या दोन प्लेटींमधला चासीचा गळा या जागाही सोडू नका. एकेक जागा रॉकेलच्या बोळ्याने पुसा, शेजारी स्टीलची पट्टी धरून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. स्क्रू सोडण्याआधी काढलेले फोटो नंतर सोन्याच्या मोलाचे ठरतात.

मग थिनरचा बोळा. लपलेल्या जागी नखाएवढ्या भागावर थिनर लावलेला पांढरा बोळा घासा. बोळ्याला लगेच रंग आला तर तो बहुधा गल्लीतल्या गॅरेजमध्ये मारलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, ज्याला आपण सरसकट डुको म्हणतो. कारखान्यात पत्र्याचे बहुतेक भाग ओव्हनमध्ये भाजलेल्या एनॅमलचे असायचे, ते थिनरला इतक्या सहज सुटत नाहीत. हल्लीचा हार्डनर घातलेला टू-के रंगही सुटत नाही, म्हणून या एका चाचणीवर निकाल देऊ नका. पण वरचे एनसीचे थर ओळखायला ती फार उपयोगी पडते.

थर उलटे वाचणं

रिमूव्हरऐवजी पाणीपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर घ्या. रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात ४०० नंबरने सुरुवात करा, मग ८००, शेवटी १५००. पाणी भरपूर आणि हात हलका. मधोमध पत्रा दिसेपर्यंत जायचं आणि कडेकडेने उतार ठेवायचा. झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळं उमटतात. सगळ्यात आतलं वर्तुळ सगळ्यात जुनं.

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेतून आलेल्या एका येझदीच्या टाकीखाली असा गोल काढला होता. वरून आकाशी, खाली काळा, मग पिवळसर लांबी (खड्डे भरायची पुटी), मग करडा प्रायमर, त्याखाली गडद मरून आणि पत्र्याला चिकटून तांबूस प्रायमर. घरच्यांना गाडी काळी आठवत होती. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं, कारण त्यांच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा ती काळीच होती. पण लांबी आणि करडा प्रायमर मध्ये आले म्हणजे तिथे डेंटिंग होऊन गाडी पुन्हा रंगली होती. दोन प्रायमर दिसले तर खालच्या प्रायमरला लागून असलेला रंग मूळचा, ही पहिली खूण.

तरी दोन ठिकाणी फसायला होतं. काही जुन्या, विशेषतः ब्रिटिश गाड्यांवर चंदेरी थरावर पारदर्शक लाल किंवा निळा मारलेला असे. तिथे चंदेरी हा आधीचा रंग नव्हे, तो वरच्या रंगाचाच पाया. दुसरं आपल्या भागातलं. निफाड-दिंडोरीकडे बागेत फिरलेल्या गाड्यांच्या मडगार्डच्या पोटात निळसर-हिरवट पापुद्रा सापडतो. तो रंग नसतो. द्राक्षांवर मारायच्या मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे ते फवारे असतात. ओल्या फडक्याने किंवा नखाने तो पूड होऊन निघतो, रंग तसा निघत नाही.

घासताना एक काळजी घ्याच. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये आणि पिवळ्या-लाल रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आणणारा नियम २०१६ चा आहे, तोही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रंगाला असली काहीच मर्यादा नव्हती. कोरडं घासू नका, तोंडाला चांगला मास्क बांधा, चिखल कागदात गोळा करा आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

एकाच भागावर विसंबणं

पन्नास वर्षांत टाकी बदलली जाते, पुढचं मडगार्ड तर हमखास. म्हणून टाकी, टूलबॉक्स, दोन्ही मडगार्ड आणि चासी, प्रत्येकावर वेगळा गोल काढून थर लिहून ठेवा. तीन भागांवर तळाला मरून आणि एकावर तळाला काळा निघाला, तर तो चौथा भाग दुसऱ्या गाडीचा किंवा स्पेअर म्हणून आलेला. टाकी हाच सगळ्यात जास्त बदलला जाणारा, ठोकला जाणारा आणि रंगवला जाणारा भाग, आणि आपण नेमका तिच्यावरूनच निष्कर्ष काढतो. माझा भरवसा टूलबॉक्सच्या आतल्या बाजूवर आणि चासीच्या गळ्यावर जास्त. तिथे हौसेने ब्रश कोणी फिरवत नाही.

लांबी कुठे भरली आहे हे कळायला साधं लोहचुंबक पुरतं. जिथे ते नीट धरत नाही तिथे जाड थर आहे, तिथे गोल काढण्यात वेळ घालवू नका.

परदेशी गाडीचा फोटो प्रमाण मानणं

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली, १९२९ ची कंपनी. आपल्याकडच्या गाड्या मैसूरच्या आयडियल जावामध्ये १९६१ पासून बनल्या, पुढे येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. बुलेटचंही तसंच. १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिथली गाडी इंग्लंडमधल्या रेडिचच्या मूळ गाडीपासून हळूहळू वेगळी होत गेली. राजदूतचा सांगाडा पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेला, पण बनली ती एस्कॉर्ट्सकडे. युरोपात सुरेख रिस्टोर केलेल्या गाडीचा फोटो पेंटरला दाखवून "अशीच कर" म्हटलं, तर गाडी देखणी होईल, पण मैसूरची किंवा मद्रासची राहणार नाही. रेघांच्या जागा, क्रोम कुठे आणि रंग कुठे, मोनोग्राम कुठला, यांतला कोणताही तपशील वेगळा असू शकतो.

ब्रोशर मात्र जरूर मिळवा. रंगांची नावं आणि रंगांची वाटणी त्यातून कळते. छापलेल्या शाईवरून शेड मात्र ठरवू नका, छपाईची शाई आणि गाडीचा रंग यांचा मेळ तेव्हाही नव्हता. जुन्या रंगीत फोटोंमध्ये निळसर रंगद्रव्य आधी फिकं पडतं आणि सगळा फोटो लालसर होतो, त्यामुळे मरून जास्त लाल भासतो. लग्नाच्या अल्बममधला कृष्णधवल फोटो याहून कामाचा. त्यात शेड नसते, पण रेघ कुठून कुठे गेली आणि टाकीची बाजू चकचकीत आहे की रंगवलेली, हे स्वच्छ दिसतं.

आरसी बुकात रंगाचा उल्लेख असला तरी तो "लाल" किंवा "काळा" एवढाच. शिवाय नोंदणीचं साल म्हणजे बनावटीचं साल नव्हे. शोरूमला महिनोन्‌महिने पडून राहिलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाई. "सत्तरचं मॉडेल आहे म्हणजे अमुक रंग" हा हिशेब म्हणूनच कच्चा.

शेड डोळ्यांनी जुळवणं

खरा कस इथे लागतो. मूळ थर सापडला तरी समोर दिसतो तो पन्नास वर्षं म्हातारा झालेला रंग. उन्हातला भाग फिका पडलेला असतो, त्यावर आधी थोडं रबिंग करा, खालून ताजा रंग वर येतो. याच्या उलट एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तेलाच्या बैठकीचं जुनं एनॅमल अंधारात पिवळट होतं. मोनोग्रामखाली हस्तिदंती निघालेला रंग मुळात पांढऱ्याच्या जवळचाही असू शकतो. असा भाग काही दिवस खिडकीतल्या उजेडात ठेवा. पिवळेपणा थोडाफार उतरतो, मग शेड घ्या.

शेड घ्यायची यंत्राने. मोठ्या पेंट दुकानांत आणि अंबड-सातपूरच्या कोटिंगच्या कामांत रंग मोजायचं स्पेक्ट्रोफोटोमीटर असतं. त्याला सपाट, स्वच्छ, पॉलिश केलेला तुकडा लागतो, टाकीच्या गोलाईवर आकडा चुकतो. टूलबॉक्सचं झाकण घेऊन जा, चार ठिकाणी रीडिंग घ्यायला सांगा आणि जी रीडिंग एकमेकांच्या जवळ येतात ती धरा. मोबाइलच्या फोटोवरून शेड काढणारी ॲप या कामाला नको. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने सुधारतो.

फॉर्म्युला मिळाला की थेट टाकीवर मारू नका. पत्र्याच्या तुकड्यावर नमुना करून घ्या, आणि गाडीवर लागणार आहे तोच प्रायमर खाली हवा. लाल आणि मरून रंग बऱ्यापैकी पारदर्शक असतात. करड्या प्रायमरवर आणि तांबूस प्रायमरवर एकच मरून दोन वेगळे दिसतात. "फॉर्म्युला बरोबर, तरी रंग काळपट आला" ही तक्रार ऐकली की मी आधी प्रायमर कोणता होता ते विचारतो.

नमुना पूर्ण वाळल्यावर मूळ तुकड्याला चिकटवून पाहा. दुपारच्या उन्हात, सावलीत, मग ट्यूबलाइटखाली. ट्यूबलाइटखाली जुळतो आणि उन्हात फुटतो असं झालं तर रंगद्रव्यं वेगळी आहेत. थोडं अजून लाल घालून ते सुटत नाही, दुकानदाराकडून दुसऱ्या बेस रंगांनी फॉर्म्युला बांधून घ्यावा लागतो. शेवटचा निर्णय उन्हाचा.

रेघा आणि चासी नंबर

टाकीवरची रेघ उतरवण्याआधी बटरपेपरवर ट्रेस करा. टाकीच्या जोडापासून आणि मोनोग्रामच्या स्क्रूपासून अंतर लिहा, जाडी व्हर्नियरने मोजा. मूळ रेघ हाताने मारलेली असली तर दोन बाजू मिलिमीटरभर वेगळ्या निघतात. तो फरक तसाच ठेवा. स्टिकरची रेघ दुरूनही कळते. फ्लेक्स आल्यापासून ज्यांचं काम कमी झालं त्या जुन्या बोर्ड पेंटरांपैकी कोणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा. लांब केसांच्या ब्रशने एका दमात रेघ ओढायचा त्यांचा हात अजून शाबूत आहे.

चासीला पावडर कोटिंग करायचा मोह होतो, कारण ते आपल्याकडे सहज मिळतं आणि टिकतं. पण जुन्या एनॅमलपेक्षा ते जाड बसतं, कोपरे गोल करतं आणि ठोकलेला चासी नंबर बुजवतं. सँडब्लास्टिंगआधी नंबरावर जाड टेप लावाच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची व्हीए अक्षरांसह व्हिंटेज नोंदणी होते. तशी करायची असेल तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही, आणि नंबर वाचता यायलाच हवा. अशी गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराची गाडी असेल तर त्या फंदात पडू नका.

शेड जुळली, तरी गाडी नवी कोरी वाटते

हे होतं चकाकीमुळे. टू-के रंगावर क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन हात दिले की काचेसारखी झळाळी येते. भाजलेल्या एनॅमलला तशी नव्हती. साध्या एकरंगी गाडीला क्लिअर नकोच, क्लिअर न लागणारा डायरेक्ट ग्लॉस रंग घ्या. आधीच क्लिअर मारून झाला असेल तर २००० नंबरच्या ओल्या पेपरने हलका हात फिरवून हाताने पॉलिश करा, मशीनचा बफ लावू नका. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू मात्र मुळीच रंगवू नका. पुढे कधी पुन्हा शेड घ्यायची वेळ आली तर तोच तुकडा यंत्राखाली ठेवायचा आहे.